बबिताच्या वजनाची चौकशी

चारोळी तांड्याच्या अंगणवाडीत बेचाळीस मुलं होती आणि त्या सगळ्यांची वजनं बबिता राठोडला तोंडपाठ होती. कोण किती ग्रॅमनं वाढलं, कोण दात येताना उतरलं, कोणाला वजनाच्या झोळीत बसवलं की तो हमखास झोळी ओली करतो, सगळं. तिचं स्वतःचं वजन मात्र तिच्या कोणत्याच रजिस्टरात नव्हतं. ते तांड्याला तोंडपाठ होतं: एकशे सव्वीस किलो. दवाखान्यातल्या काट्यावर ती एकदाच उभी राहिली आणि तो आकडा तिच्याआधी तांड्यात पोचला. दिग्रसहून येणारी बस अकरा किलोमीटरला पाऊण तास घेते, आकड्याला तेवढाही लागला नाही.

आता जाड माणसांची जगात काही वाण नाही. तांड्याचा नायक, म्हणजे बंजाऱ्यांचा गावप्रमुख, डोंगरसिंग हाच मुळी एकशे तीसच्या घरातला. तो मोटारसायकलवर बसला की मागची सीट आपोआप रद्द व्हायची. पण पुरुषाचं पोट पुढे आलं की लोक त्याला रुबाब म्हणतात आणि नायकाचं आलं तर ती तांड्याची शोभा होते. बबिता पडली अंगणवाडी सेविका. रोजची खिचडी, उसळ, लापशी तिच्या नजरेखालून जायची. मुलं बारीक आणि सेविका जाड, म्हणजे खिचडी कुठे गेली, हे गणित चौथी नापास माणसालाही सुटत होतं.

ते कागदावर मांडलं डोंगरसिंगनेच. खरं तर नात्यानं तो तिचा मामा, बबिताच्या आईचा, भुरीबाईचा, सख्खा मावसभाऊ. संजयशी सोयरीक जमवून बबिताला या तांड्यात त्यानेच आणलं होतं. पण दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर वजनं घेतली, तेव्हा नायकाचा तीन वर्षांचा नातू प्रेम पिवळ्या रेषेत आला. पिवळी रेषा म्हणजे वयाच्या मानानं वजन कमी. मोबाइलमधलं सरकारी ॲप असल्या गोष्टी तोंडावर सांगतं, समोर कोणाचा नातू आहे ते पाहत नाही. डोंगरसिंगनं बबिताला घरी बोलावलं, चहा पाजला आणि मुद्द्यावर आला.

"बबिता, नायकाच्या घरात कुपोषण लिहितेत काय? त्याले हिरव्यात टाक."

"मामा, वजन वाढलं की थो आपोआप हिरव्यात जाते. मी नाई टाकत, काटा टाकते."

"मंग काट्याले सांग."

"काटा माह्यं आयकत नाई. आयकत असता त पयले माह्यंच वजन कमी करून घेतलं असतं."

चहा पिऊन ती निघाली. आठव्या दिवशी तालुक्याच्या ऑफिसात अर्ज पडला. 'सदर सेविकेचे शरीर पाहता बालकांचा आहार कोठे जातो हे वेगळे सांगणे न लगे,' असं त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं आणि खाली एकवीस सह्या होत्या. त्यातली एक संजयच्या सख्ख्या काकाची होती, पण तो म्हणाला की मला वाटलं पाण्याच्या टाकीचा अर्ज आहे.

पर्यवेक्षिका आल्या. पोती तपासली, डाळ तपासली, तेलाच्या पिशव्या तपासल्या. एक दाणा इकडचा तिकडे निघाला नाही. तसं त्यांनी लिहूनही दिलं. मग निघताना चप्पल घालता घालता त्यांनी बबिताला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तरी पण ताई, थोडं कमी खात जा."

बबिताला राग आला तो या 'तरी पण'चा. पोती खरं बोलत होती आणि तिचं अंग खोटी साक्ष देत होतं, आणि साहेब लोक पोत्यांपेक्षा अंगावर जास्त विश्वास ठेवत होते. भूक तिला लागायची, हे खोटं नव्हतं. जेवून हात धुतला की अर्ध्या तासात पुन्हा लागायची. लहानपणापासून लागायची. पण पोरांच्या पातेल्यातला एक घास तिनं सोळा वर्षांत तोंडात टाकला नव्हता. मीठ चाखायलाही ती कोणाच्या तरी आईला हाक मारायची. हे कोणाला सांगावं तर हसायलाच विषय.

पुढे तिचे गुडघे बोलायला लागले आणि साखरही वाढली. यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरचा पत्ता दिला आणि म्हणाले, तिथे पोटाची पिशवी लहान करतात, मग माणूस थोड्यात भागवतो. संजयला यातलं सगळं पटलं, एक गोष्ट सोडून.

"पिशवी कापून लहान करतेत. मंग उरलेल्या पिशवीचं काय करतेत?"

"फेकून देतो," नागपूरचे सर्जन म्हणाले.

संजय शेतकरी माणूस. चांगली चालती पिशवी फेकायची हे त्याच्या मनाला फार लागलं. पण त्यानं सही केली आणि बबिताच्या पोटाची पिशवी केळ्याएवढी झाली.

तांड्यात मात्र तिनं सांगितलं की पित्ताशयात खडे झालेत. पोट कापून लहान करून घेतलं म्हटलं असतं तर तांड्यानं दोन वर्षं त्यावरच काढली असती. खड्यांना अब्रू असते. दोन-चार बायकांनी तर ते खडे दाखव म्हणून हट्ट धरला, तेव्हा संजयनं नाल्यातून तीन छान गुळगुळीत आणून दिले. त्यातला एक लिंबाएवढा होता. तो पाहून एक म्हातारी म्हणाली की एवढा खडा पोटात घेऊन ही बाई अंगणवाडी चालवत होती म्हणजे वाघीणच.

मग बबिता उतरायला लागली. सुरुवातीला चार चमचे डाळीचं पाणी, मग वाटीभर ज्वारीचा पातळ घाटा, मग अर्धी भाकर. केस गळले, दंडाची कातडी लोंबली, बांगड्या मनगटावरून खाली घसरायला लागल्या. चौदा महिन्यांत पस्तीस किलो गेले. साखरेची गोळी निम्मी झाली, गुडघे गप्प झाले. बसमध्ये ती तिघांच्या सीटवर तिसरी म्हणून बसली तेव्हा बाजूच्या दोघींनी तिला ओळखलंसुद्धा नाही. त्या दिवशी दिग्रसपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून हसत होती.

तिचं हसू महिनाभर टिकलं. मग ऑफिसात दुसरा अर्ज पडला. अक्षर तेच होतं.

'आम्ही तक्रार केल्यापासून सदर सेविकेचे वजन पस्तीस किलोने घटले आहे. पित्ताचे खडे पस्तीस किलोचे नसतात. यावरून ती पूर्वी बालकांचा आहार खात होती व आता भीतीपोटी खात नाही हे सिद्ध होते.'

बबितानं तो अर्ज तीनदा वाचला. डोंगरसिंगच्या डोक्याला मनातल्या मनात हात जोडले. जाड होती तेव्हा चोर आणि बारीक झाली तर पकडलेली चोर, म्हणजे आता सुटकेला वजनच उरलं नव्हतं. ऑफिसनं सुनावणीची तारीख दिली, दोन महिन्यांनंतरची. आरोप खरा धरला तर सेवा समाप्त, असं पत्रात खाली लिहिलेलं होतं. नोकरी गेली असती तर तिनं कापूस वेचून दिवस काढले असते. पण चोर म्हणून गेली असती, तीही लेकरांच्या ताटातली चोर, आणि हे तिला सहन होणारं नव्हतं.

त्याच आठवड्यात नागपूरला तपासणी होती. तिथेही नवाच पेच. तिच्याच दिवशी, तिच्याएवढ्याच वजनाच्या, राजूरच्या कोळसा खाणीतल्या एका माणसाचं तेच ऑपरेशन झालं होतं. त्याचे अठ्ठेचाळीस किलो उतरले होते आणि तो बाकावर बसून शर्टाचं मोकळं पोट सगळ्यांना ओढून दाखवत होता. बबिताचा काटा मात्र तीन महिने एक्क्याण्णववर बसला होता तो हलेना. आहारवाल्या मॅडमनं मान तिरकी करून विचारलं, "मध्येमध्ये काही खाता का? खरं सांगा."

दोनशेवर किलोमीटर येऊन तोच प्रश्न. बबिता खुर्चीतच रडली. रडत रडत तिनं पिशवीतून अर्जाची नक्कल काढली आणि समोर आलेल्या दुसऱ्या डॉक्टरणीच्या हातात दिली. "मॅडम, मी खाल्लं नाई, असं सर्टिफिकेट लिहून द्या."

या डॉक्टरणीचं नाव निशिगंधा. आनुवंशिक आजार हे तिचं काम. तिनं अर्ज वाचला, ओठ दाबून हसू आवरलं आणि म्हणाली, "असं सर्टिफिकेट कोणाला देता येत नाही. पण तुमची भूक कुठून येते, ते शोधता येईल." मग तिनं सोप्या शब्दांत सांगितलं. पोट भरलं की मेंदूत घंटा वाजते. काही लोकांची घंटा जन्मापासून नीट वाजत नाही, कारण ती घडवणाऱ्या जीनमध्ये बारीकशी चूक असते. आई किंवा बाप, कोणा एकाकडून ती येते आणि प्रत्येक लेकराला मिळायची शक्यता निम्मी. ऑपरेशननं पिशवी लहान होते, घंटा दुरुस्त होत नाही. "म्हणून काही जणांचं थोडं कमी उतरतं. सगळ्यांचंच असं होतं, असंही नाही. पण पस्तीस म्हणजे काही थोडं नाही. आणि यात चोरीचा काही संबंध नाही."

रक्त काढलं. जाताना नर्सनं संजयच्या हातात एक फॉर्म दिला. 'कुटुंबाची वंशावळ. पुरुष चौकोन, स्त्री गोल. लठ्ठ व्यक्ती काळ्या करा. तीन पिढ्या.'

वंशावळ म्हटल्यावर संजय थेट बादलकडे गेला. बादल म्हणजे ढाडी, तांड्यातांड्यांतून वंशावळी गाऊन दाखवणारा. कोणत्या गोताचा कोण पूर्वज, त्यानं किती बैलांवर मीठ लादून कुठपर्यंत नेलं, सगळं त्याच्या गळ्यात. बबिताचं माहेर चव्हाणांचं. संजयनं बादलला पोटभर जेवू घातलं, पान दिलं आणि फॉर्म मांडीवर घेऊन बसला.

"चव्हानाईचे पुरखे सांग. आन सोबत सांग, कोन जाड होता."

बादलनं त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ढाडीचा धर्म पूर्वजाला मोठं करायचा. चव्हाणांचा एखादा पूर्वज सुकडा होता असं तो म्हणाला असता तर पुढच्या तांड्यात त्याला पाणी मिळालं नसतं. त्यानं गळा साफ केला आणि सुरू झाला. अमकासिंग बसला की बैल उठत नसे. तमकासिंगला न्यायला दोन घोडे लागत, एक त्याला आणि एक त्याच्या पोटाला. त्याच्या बापानं एका बैठकीला अख्खा बोकड संपवून विचारलं होतं की जेवण कधी आहे. संजयनं भराभर चौकोन काळे केले. तीन पिढ्यांत भागेना म्हणून त्यानं वहीची पानं जोडली. सात पिढ्या, एकतीस चौकोन, सगळे काळे. गोल एकही नव्हता, कारण बादलच्या गाण्यात बाई नसते. बाई लग्न करून जाते आणि तिथल्या गाण्यातही येत नाही.

तो कागद पाहून डॉक्टर निशिगंधा खुर्चीवरून अर्धी उठली. असं घराणं तिनं पुस्तकातही पाहिलेलं नव्हतं. तिनं ताबडतोब निरोप धाडला की यातले जे हयात असतील त्यांना घेऊन या, प्रवासाची सोय आम्ही करू.

ठरल्या दिवशी सात चव्हाण जीपमधून उतरले. बबिताचे तीन काका आणि चार चुलतभाऊ. डॉक्टरणीच्या खोलीत ते भिंतीला लागून ओळीनं उभे राहिले. सगळे वाळल्या तुराट्यांसारखे. एकाचा पट्टा दोन वेढे घेऊन परत पुढे आला होता. डॉक्टरणीनं कागदाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"हे सगळे लठ्ठ आहेत?"

"खानदानी हायेत," संजय म्हणाला.

सातही जणांनी छाती काढली. डॉक्टरणीनं डोळे मिटून घेतले आणि पाच मिनिटांत येते म्हणून बाहेर गेली. बाहेर व्हरांड्यात तिघांच्या बाकावर एकटीच एक म्हातारी बसली होती. बाक पुरेपूर भरलेला. अंगावर आरशांचा बंजारी घागरा, फेटिया, मांडीवर आठ डबे आणि चेहऱ्यावर जगाची काहीच तक्रार नसल्याचा भाव.

"या कोण?"

"माह्यी याडी," बबिता म्हणाली. "भुरीबाई. डबे सांभाळाले आनली."

"तुमची आई? मग फॉर्मात का नाही घेतलं यांना?"

बबितानं संजयकडे पाहिलं. संजयनं अगदी समजावणीच्या सुरात सांगितलं, "मॅडम, थ्या बाई हायेत ना. बाईचं नाव वंशावळीत नसते."

डॉक्टर निशिगंधा भिंतीला टेकली आणि चष्मा काढून इतकी हसली की नर्स पाणी घेऊन धावत आली. मग तिनं भुरीबाईच्या शेजारी, बाकावर उरलेल्या चार बोटं जागेत, कसंबसं बसून घेतलं आणि नवा कोरा फॉर्म उघडला. भुरीबाईला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तिच्या आईबद्दल विचारत होतं. ती बोलत गेली. तिची आई अशीच होती. आईच्या आईला बैलगाडीत बसवायला दोघं लागत. आईची बहीण सुखीबाई तर तिच्याहून वरताण.

"सुखीबाई माह्यी मावशी. चारोळी तांड्यात देली होती. तिच्या सासूनं तिले मरेपर्यंत गुळाच्या खोलीत जाऊ देलं नाई. म्हने, हे बाई सगळा गूळ खाऊन टाकन. बिचारी भर पंगतीतून अर्धपोटी उठे." भुरीबाईनं एका डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं. "तिचाच त पोरगा डोंगरसिंग. आपला नायक."

डॉक्टरणीनं गोल काढले, काळे केले. शेवटी एक चौकोन काढला आणि तो मात्र कोरा ठेवला. "यांची तपासणी झाल्याशिवाय काळा करता येणार नाही," ती म्हणाली.

बबिता त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहत राहिली. वर्षभरानं तिला काहीतरी गोड खाल्ल्यासारखं वाटलं.

चव्हाणांचं रक्त नागपूरला तपासायला नेलं, ढाडीनं साक्ष दिली, जीप आली होती, ही बातमी तांड्यात जायला वेळ लागला नाही. बबितानं फक्त एवढंच केलं की नायकाच्या घरासमोरून जाताना थांबून नमस्कार केला.

"मामा, नागपूरची मॅडम मोठ्या अंगाचे खानदान तपासून राह्यली. पन तुमी कायले तरास घेता. चव्हानाईचं झालं, तेवढं बस हाय."

"काहून? आमचं राठोडाईचं खानदान लहान हाय काय?"

"मी कुठं म्हनलं. बादलनं एकतीस सांगतले चव्हान. राठोड किती सांगीन, मले काय मालूम."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरसिंग स्वच्छ धोतर नेसून नागपूरच्या बसमध्ये होता. डॉक्टरणीनं त्याला दोनदा समजावून सांगितलं की ही भुकेच्या आजाराची तपासणी आहे, नाही म्हणायचं असेल तर म्हणा. त्यानं हात झटकला आणि ठळक सही केली. रिपोर्ट मात्र त्याच्याच हाती मिळेल, दुसऱ्या कोणालाही नाही, असं तिनं बबिताला बजावलं. बबिताचा आणि भुरीबाईचा रिपोर्ट आला. दोघींची चूक तीच, त्याच जागी. सगळ्या चव्हाणांची घंटा ठणठणीत वाजत होती. डोंगरसिंगचा लिफाफा सुनावणीच्या चार दिवस आधी त्याच्या खिशात गेला. त्यात काय आहे, हे त्यानं घरातही सांगितलं नाही. त्या दिवसापासून तो पारावर बसायला आला नाही, एवढंच तांड्याला दिसलं.

सुनावणीला ऑफिसच्या खोलीत साहेब, एक बाबू, बबिता, संजय, आणि अर्जदार डोंगरसिंग त्याच्या चार माणसांसह. बबितानं आधी खडे खोटे होते ते कबूल केलं, मग ऑपरेशन सांगितलं. डोंगरसिंगच्या माणसांत चुळबुळ झाली. मग तिनं रिपोर्ट आणि त्यासोबतचं डॉक्टरणीचं मराठी पत्र टेबलावर ठेवलं. साहेबांनी सावकाश वाचलं. साहेब हुशार होते आणि त्यांना ते माहीत होतं.

"म्हणजे तुम्हाला सारखी भूक लागते. जन्मापासून."

"हो साहेब."

"इतरांपेक्षा जास्त."

"हो."

"आणि समोर रोज चाळीस पोरांची खिचडी."

"हो."

"मग बाई, हा कागद तुमच्या बाजूचा आहे की तुमच्या विरुद्ध?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ज्याला भूकच आवरत नाही, त्यानं खाल्लं नाही असं कोण मानेल? उलट मी म्हणतो, अशा रक्ताच्या माणसाच्या हाती दुसऱ्याचं अन्न द्यायलाच नको होतं."

बबितानं रिपोर्टाकडे पाहिलं. तिनं एवढं नागपूर केलं, सात चव्हाण वाहून नेले, आईच्या आईपर्यंत जाऊन आली, आणि हाती आला तो स्वतःविरुद्धचा पुरावा.  भूक लागणं आणि चोरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकं साधं वाक्य ती अजून मनात जुळवतच होती.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. डोंगरसिंग उठत होता. त्याला उठायला वेळ लागायचा.

"साहेब, अशा रक्ताच्या म्हंजे?"

"म्हणजे हेच, जे यात लिहिलं आहे ते. तुमच्याच अर्जाला बळ मिळतंय, नायक. बसा."

"नाई बसत." त्यानं टेबलाला हात टेकला. "तीस वर्सं झाली, तांड्यात लगन असो, भंडारा असो, लापशी मी वाटतो. नायकाच्या हातानं वाटतेत आमच्याकडे. लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत मीच वाटतो. कोनी म्हनून दाखवा, डोंगरसिंगनं एक वाटी लपवली."

"तुमच्याबद्दल कोण बोलतंय?"

"तुमीच बोलून राह्यले." डोंगरसिंगनं खिशातून लिफाफा काढला. घडी पडून पडून तो मऊ झाला होता. तो त्यानं बबिताच्या रिपोर्टावर आपटला नाही, नीट कडेला कड लावून ठेवला. "हे माह्यं रक्त. वाचा. तिचं आन माह्यं एकच हाय. माह्या मायचंबी हेच असन, पन तिले कोनं तपासलं."

साहेबांनी वाचलं. बाबूनं खांद्यावरून वाचलं. डोंगरसिंगची चार माणसं एकमेकांकडे पाहायला लागली.

"मले बी लागते भूक," डोंगरसिंग म्हणाला. आता तो साहेबांशी बोलत नव्हता. "लय लागते. मले वाटे, मलेच लागते. वाटून झालं की सगळ्याईच्या शेवटी बसतो आन एकदाच वाढून घेतो. दुसऱ्यांदा कोनासमोर घेतलं नाई. मायले म्हनत ना, हे खाऊन टाकन. थे मले कोनी म्हनू नये म्हनून." त्यानं बबिताकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "आन थेच मी हिले म्हनलो. कागदावर लिहून म्हनलो."

 बबिताला वाटलं होतं की हा माणूस असा उघडा पडेल तेव्हा आपण पोटभर हसू. हसू आलं नाही. तिला त्याची फार दया आली, आणि स्वतःचीही, आणि गुळाच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या, तिनं कधी न पाहिलेल्या सुखीबाईची सगळ्यात जास्त.

"मी शेवटीच खातो, साहेब," ती म्हणाली. घाबरल्यामुळे बाईऐवजी पुरुषासारखं बोलून गेली, पण कोणी हसलं नाही. "लेकरं जेवून घरी गेल्यावर. घरून आनलेला डबा."

साहेबांनी दोन्ही कागद परत दिले. डोंगरसिंगनं कोरा कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्याच दोन ओळींत अर्ज मागे घेतला. 'खिचडी लेकरांनीच खाल्ली' एवढं त्यानं लिहिलं आणि सही केली. साहेबांनी त्यावर 'प्रकरण बंद' असा शेरा मारला. बाबूनं शिक्का उमटवताना तो जरा जास्तच जोरात उमटवला.

बाहेर आल्यावर बस यायला तास होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात संजयनं आलूबोंडे सांगितले. बबिताच्या केळ्याएवढ्या पिशवीत अर्ध्याच्या वर एक घास जाईना. डोंगरसिंगनं आपली प्लेट केव्हाच रिकामी केली होती आणि तो पाण्याचा पेला उगाच फिरवत बसला होता.

"मामा," बबिता म्हणाली, "आनखी घ्या."

त्यानं मान वर केली. तांड्याची चारही माणसं समोरच्या बाकावर होती आणि चौघंही त्याच्याकडेच पाहत होती. डोंगरसिंगनं पेला खाली ठेवला. मग त्यानं बबिताच्या प्लेटमधला उरलेला अर्धा उचलून खाल्ला, हॉटेलवाल्याला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आणखी एक प्लेट सांगितली.